ओला-सुका कचरा वेगळा करून देतेय, ट्रॉलीत सगळं एकच होतंय... मग करू कशाला?

हद्दीबाहेरची
नमस्कार मंडळी. जरा चिडूनच लिहितेय त्यामुळं लांबलं तर सांभाळून घ्या.

मागच्या दिवाळीनंतर आम्ही राजारामपुरीतलं भाड्याचं घर सोडून स्वतःच्या घरात आलो. म्हणजे कुणी विचारलं तर पत्ता कोल्हापूरच सांगतो, पोरांची शाळा कोल्हापूर, ह्यांचं ऑफिस कोल्हापूर, मंडई पण तिकडंच, पण घरफाळा भरायचा ग्रामपंचायतीला. गावाचं नाव नको, उगं भांडण लागायचं. शहरात असताना कचऱ्याचा टिप्पर यायचा, गाणं ऐकू आलं की बादली घेऊन पळायचं, सवयच झालेली. इथं आठवड्यातनं तीन दिवस ट्रॅक्टरची ट्रॉली येते, कधी पावणेसातला कधी दहाला, भोंगा वाजला की गल्लीतल्या सगळ्या बायका गाऊनवर ओढणी टाकून बाहेर.

तर विषय असा की मी ओला-सुका वेगळा करते. दाखवायला नाही, खरंच करते. किचनमध्ये हिरवी बादली, मागच्या गॅलरीत सुक्याला काळी पिशवी, आणि बाथरूमचं वेगळं कागदात गुंडाळून. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी परड्यात एक खड्डा होता, सगळं त्यात जायचं, आता बादल्या मोजत बसायचं. ह्यांचं तर काय, चहाची पिशवी हातात घेऊन उभे राहतात, "ही कशात गं?" म्हणून, रोज!

मंगळवारी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि वरनं बघितलं. ट्रॉलीवरच्या मामांनी माझी हिरवी बादली ट्रॉलीत उपडी केली, त्यावर माझीच काळी पिशवी फेकली, त्यावर शेजारच्यांचं काय काय, आणि वर चढून पाय देऊन दाबलं. बस्स. सहा महिने मी जे करतेय ते दोन सेकंदात एक झालं. डोळ्यात पाणीच आलं बघा, हसू नका.

आता प्रश्न. हे सगळं करण्यात काय अर्थ आहे का, का मीच येडी? ग्रामपंचायतीला वेगळा कचरा घ्यायचा काय नियमच नाही का? आणि तिसरं म्हणजे कोपऱ्यावर विजेच्या डीपीखाली ढीग साठलाय, ज्यांची ट्रॉली चुकते ते तिथं टाकतात आणि रविवारी कोण तरी पेटवून देतंय, धूर सरळ आमच्या बेडरूममध्ये. त्याचं काय करायचं?

---

तावडेहॉटेलपासून_सरळ
ताई सोडून द्या. बादल्या तीन, ट्रॉली एक, विषय संपला.

१९७२ ला महापालिका झाली तेव्हाचीच हद्द घेऊन आपण बसलोय. हद्दवाढ हद्दवाढ ऐकत माझं लग्न झालं, पोरगं दहावीला गेलं, घोंगडं अजून भिजतंयच. शहरातली माणसं राहायला बाहेर गेली, कचरा पण बाहेर गेला, गाड्या मात्र आत राहिल्या. आणि हद्दवाढ म्हटलं की गावं बंद पुकारत्यात, कारण घरफाळा वाढणार. दोन्ही बाजूचं बरोबरच हाय म्हणा. पण मधल्यामधी डीपीखाली कोंडाळा तयार होतोय त्याला ना महापालिका वाली ना ग्रामपंचायत.

---

मुकादम_रिटायर
वरच्या भावानं सोडून द्या सांगितलं, मी सोडू नका सांगतो. ३१ वर्षं सफाईत काढली, शेवटची ९ मुकादम म्हणून. कुठं ते विचारू नका.

पोरी तू गच्चीवरनं बघितलंस, ट्रॉलीतनं बघ. त्या माणसाला सकाळी अमुक इतक्या गल्ल्या मारायच्या असत्यात. ओला कचरा जड असतोय पण जागा कमी खातंय. सुका हलका पण सगळी ट्रॉली फुगवतंय. एका घरचं थर्माकोल आन पुठ्ठ्याचं खोकं आलं की अर्धा कप्पा गेला. मग एक बाजू भरली आन एक रिकामी, अजून दोन गल्ल्या राहिल्यात, फेरी मारून परत यायला डिझेल कोण देणार? मग पाय देऊन दाबतोय. पाय दिला म्हणजे माज हाय असं नसतंय, ट्रॉली भरत आली असं असतंय.

दुसरं, बऱ्याच ठिकाणी ठेका टनावर असतोय. काट्यावर जेवढं वजन तेवढं बिल. आता तूच सांग, ओल्यानं भिजलेला पुठ्ठा वेगळा काढून ठेकेदाराला काय फायदा? भिजला तर उलट वजन वाढतंय. हे कुणी बोलून दाखवत नाही. तुझ्या गावात कसं हाय ते मला माहीत नाही पण विचार.

आणि तिसरं जे तुझ्या हातात हाय. काळी पिशवी गाठ मारून देतेस ना? त्या गाठीतच सगळं अडकलंय. आतमधी काय हाय ते दिसत नाही, उघडून बघायला वेळ नाही, आणि हात घालायला भीती वाटतीया. माझ्या हाताखालच्या एका पोराचा अंगठा फुटक्या ट्यूबलाईटनं कापला, सात टाके. पिशवीत भाजीची देठं वर आन खाली काच. त्या दिवसापासनं तो एकाही बंद पिशवीला हात लावायचा नाही, सरळ फेकायचा. मी काय बोलणार त्याला.

तर एक काम कर. गच्चीवरनं खाली ये आन मामांना च्या विचार. नावानं हाक मार. ट्रॉलीच्या मागं साखळीला एखादं पोतं अडकवलंय का बघ. असणारच. त्यात तो त्याचं वेगळं काढतोय, पेपर, बाटल्या, पत्रा. दिवसाचा वरचा खर्च त्यातनं सुटतोय. तुझा सुका कचरा त्याला उघडा दिसला तर तो त्या पोत्यात जातोय, गाठ मारलेला असला तर ट्रॉलीत. एवढा सरळ हिशोब हाय.

---

पत्रा_पुठ्ठा
मुकादम काका एकदम बरोबर. आमचं भंगारचं दुकान आहे, आजोबांपासून, म्हणून दोन शब्द बोलतो.

लोकांना वाटतं सुका कचरा म्हणजे सगळंच रिसायकल होतं. नाही हो. जे विकलं जातं तेच रिसायकल होतं, बाकी सगळं फिरून फिरून ढिगावरच. आमच्याकडं काय येतं काय नाही ते सांगतो.

पेपर रद्दी, पुठ्ठा कधीही. पण कोरडा. ओल्या पुठ्ठ्यात वजन जास्त भरतं म्हणून आम्ही घट धरतो आणि मग गिऱ्हाईक भांडतं. तेलकट खोकं घेत नाही, एक तेलकट आत गेलं की पुढच्या गोडाऊनवाला सगळा गठ्ठा खालच्या रेटला पाडतो. लोखंड, पत्रा, बीड, जर्मनची भांडी, तांबं-पितळ याला तर नाही म्हणायचा प्रश्नच नाही, आपल्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या आहेत की, तुमच्या फुटक्या शेगडीचं बीड उद्या कुठल्या तरी पंपाचं बॉडी होऊन बाहेर पडतंय.

प्लास्टिकमध्ये बुडाला त्रिकोण असतो, त्यात आकडा. १ म्हणजे पाण्याची बाटली, कोल्ड्रिंकची बाटली. २ म्हणजे फिनेलचे कॅन, शांपू. ५ म्हणजे हॉटेलचे पार्सल डबे. हे तिन्ही चालतं. ६ म्हणजे थर्माकोल आणि तसल्या कचकचीत प्लेटा, त्याला कोण विचारत नाही, टेंपो भरून नेलं तरी वजन किलोभर. बाटलीचं टोपण काढून द्या, एकतर ते वेगळ्या प्लास्टिकचं असतं आणि टोपण घट्ट असलं की बाटली चेपत नाही, हवा भरून राहते.

दुधाच्या पिशव्या. आपल्या कोल्हापुरात रोज किती दुधाच्या पिशव्या फुटतात विचार करा. धुऊन वाळवलेल्या असतील तर घेतो. न धुतलेल्या असतील तर दुकानात दुसऱ्या दिवशी उभं राहता येत नाही. आणि कापताना कोपरा तोडून वेगळा करू नका ताई, नुसती चीर द्या, तो बोटाएवढा तुकडा कुणालाच सापडत नाही, तो गटारीतच जातो.

आता काय येत नाही ते. वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, बिस्किटाचे कागद, शांपूचे सॅशे. यात प्लास्टिक आणि चंदेरी थर एकमेकाला चिकटवलेले असतात, वेगळे करायला गेलं तर मालापेक्षा मजुरी जास्त. हे चांगल्यात चांगलं म्हणजे सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं, ते पण कुणी गोळा करून पाठवलं तर. आणि आपला कोल्हापूरचा खास माल म्हणजे मिसळीचा कट बांधून आणलेली पिशवी. ती धुणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. मी स्वतः पण धुत नाही, खोटं कशाला बोलू. 😅 डबा घेऊन जावा हाच उपाय.

रेट विचारू नका, रोज हलतो.

---

हद्दीबाहेरची
काका, गाठच मारत होते मी!! आणि वर डबल गाठ, कुत्री फाडू नयेत म्हणून. मला वाटायचं आपण किती नीटनेटकं देतोय.

@पत्रा_पुठ्ठा दादा दुधाच्या पिशव्यांचं माहीतच नव्हतं, मी तर कोपराच तोडते. आजपासून चीर.

नियमाचं कोण सांगेल का?

---

कायद्यानं_बोला
सांगतो, वकील नाही पण ग्रामपंचायतीशी बरीच वर्षं पत्रव्यवहार करून थोडंफार पाठ झालंय.

ग्रामपंचायतीला लागू नाही असं ग्रामसेवकानं सांगितलं तर ऐकून घेऊ नका. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये शहरांबरोबर जनगणनेत शहरी धरलेल्या गावांच्या आणि नागरी समूहातल्या (म्हणजे शहराला लागून वाढलेल्या) गावांच्या पंचायतींची पण जबाबदारी लिहिलेली होती. घरटी गोळा करायचं, वेगळं घ्यायचं, वेगळंच न्यायचं. आणि घरानं तीन भागात द्यायचा, ओला, सुका आणि घरातला घातक म्हणजे बॅटरी, ट्यूब, औषधं, रंगाचे डबे. १ एप्रिल २०२६ पासून त्या जागी नवे नियम आलेत, त्यात चार भाग केलेत. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (म्हणजे तो घातकच). म्हणजे तुम्ही बाथरूमचं वेगळं ठेवता ते आता नियमातच आलंय, तुम्ही पुढंच आहात.

पैसे नाहीत हे दुसरं उत्तर मिळणार. १५व्या वित्त आयोगाचा २०२१ ते २६ चा जो निधी पंचायतींना आला त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामावरच खर्चायचा, त्यातला निम्मा स्वच्छतेवर आणि निम्मा पाण्यावर. ते पैसे कशावर गेले हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. कुठं विचारायचं? ग्रामसभेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या. तिथं तोंडी बोलून चहा पिऊन येऊ नका, अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि विषय इतिवृत्तात आला का बघा. आमच्यात एकदा "विषय चर्चेला घेतला" एवढंच लिहिलेलं, चर्चेत काय ठरलं ते गायब.

अर्जात मागणी पण बारकी करा. "कचऱ्याची समस्या सोडवा" असं लिहिलं तर कुणीच काही करत नाही. "ट्रॉलीत मधे फळी टाकून दोन भाग करा आणि ट्रॉलीची वेळ ठरवा" असं लिहा. वेळ ठरली की डीपीखालचा निम्मा ढीग आपोआप जातो, कारण तिथं टाकणारी माणसं कामाला जाणारी असतात, त्यांना भोंग्याची वाट बघत थांबता येत नाही.

जाळण्याचं. राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे, उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर असेल तर २५,०००.

---

तावडेहॉटेलपासून_सरळ
५,००० रुपये दंड करणार कोण? पेटवणारा आन पावती फाडणारा एकाच तालमीतला असतोय भावा.

---

कायद्यानं_बोला
ते पण खरं. म्हणूनच म्हटलं वेळेचं आधी धरा, दंडाचं नंतर.

---

वास_येतोय
जाळण्यावरनं बोलतो. आमच्या घरापासनं कचऱ्याचा जुना ढीग दिसतो, जागेचं नाव नको, ओळखणारे ओळखतील. पाहुणे आले की विचारतात हा डोंगर कुठला, आम्ही म्हणतो आमचाच, तुम्ही पण हातभार लावलाय.

उन्हाळ्यात तो आपोआप पेटतो, लोकांना वाटतं कोणीतरी काडी लावली. कधी लावतात पण, पण कधी कधी खरंच आपोआप. ओला कचरा सुक्याखाली दाबला की आत हवा जात नाही, तिथं तो कुजत मिथेन वायू तयार करतो आणि वर प्लास्टिक-कापडाचं जळण तयारच. एकदा आत धुमसायला लागलं की बंब येऊन वरनं पाणी मारून जातो आणि दोन दिवसांनी दुसरीकडनं धूर. आमच्या आईला दमा, तेव्हा तिला मामाकडं पाठवतो.

आणि एकदा ढीग झाला की निस्तरायचं काम बघा. मशीननं उपसायचं, ओळी लावून जीवाणूंचं द्रावण मारायचं, उलथंपालथं करायचं, मग फिरत्या चाळणीतनं काढायचं. माती एकीकडं, प्लास्टिक-चिंध्या एकीकडं, दगड-विटा एकीकडं. करोडो रुपये. आणि हे सगळं कशासाठी, तर ताई तुम्ही तुमच्या किचनमध्ये फुकटात जे वेगळं करता तेच दहा वर्षांनी मशीन लावून वेगळं करायला. तेपण तितकं स्वच्छ होत नाही, त्या प्लास्टिकला माती इतकी चिकटलेली असते की भंगारवाला पण घेत नाही, हो ना @पत्रा_पुठ्ठा?

---

पत्रा_पुठ्ठा
हात पण लावत नाही.

---

अंगणवेडी
हद्दीबाहेरची ताई, तुम्हाला अंगण आहे ना हो? मग ओला कचरा ट्रॉलीत देताच कशाला? घरातल्या कचऱ्यात निम्म्याच्या वर ओलाच असतो. तो घरात राहिला तर ट्रॉलीत मिसळायला उरतंच काय? तुमच्या सासूबाईंचा परड्यातला खड्डा बरोबरच होता, फक्त त्यात प्लास्टिक नव्हतं. त्यांना हाताशी धरा, त्यांना सगळं येत असणार.

मी काय करते ते सांगते. जुना दोनशे लिटरचा ड्रम, बाजूनं आणि बुडाला भोकं, खाली दोन विटा. आता यूट्यूबवाले सांगतात कोकोपीट आणा, हे कल्चर आणा, ते आणा. अहो आपण ऊसवाले! पाचट आणा. ऊसतोड झाली की शेतकरी रानातच पाचट पेटवून देतात, दोन पोती उचलून आणा, आनंदानं देतील. कोयत्यानं बोट-दोन बोट तुकडे करायचे, अख्खं टाकलं तर वर्षभर तसंच राहतं, मी पहिल्या वर्षी तेच केलेलं. बुडाला वीतभर पाचट, त्यावर भाजीची देठं-साली, त्यावर परत पाचट. जेवढं ओलं तेवढंच, किंबहुना थोडं जास्तच सुकं. सुरुवातीला मूठभर शेण ताकात कालवून शिंपडायचं, गुळाचा खडा विरघळवून घातला तर अजून लवकर पेट घेतं (आग नाही हो, कुजायला लागतं, हात घातला तर गरम लागतं).

वास आला म्हणजे ओलं जास्त झालं, पाचट टाका आणि हलवा. मुंग्या आल्या म्हणजे कोरडं झालं, पाणी शिंपडा. पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, त्या काही करत नाहीत, उलट भराभर खाऊन टाकतात. मी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा अख्खा ड्रम ह्यांना रस्त्यापलीकडं नेऊन ठेवायला लावला होता, आता त्या दिसल्या नाहीत तर काळजी वाटते.

रविवारच्या मटणाची हाडं आणि तांबड्या रश्श्याची तर्री त्यात टाकू नका, उंदीर आणि गल्लीतली सगळी कुत्री अंगणात. चहाची पावडर चालते पण दूध धुऊन. तुमच्या मिस्टरांना सांगा, पावडर ड्रममध्ये, आणि पिशवीवाला चहा असेल तर पिशवी फाडून, दोऱ्याची पिन काढून.

अडीच-तीन महिन्यांनी बुडाचं काळंभोर होतं, मुठीत घेतलं तर पहिल्या पावसाचा वास. पावसाळ्यात मात्र वर झाकण हवं, आपल्याकडचा जुलै म्हणजे ड्रमचा पाट होतो.

---

दोन_पोरांची_आई
सगळं वाचलं, सगळं पटलं, पण डायपरचं कोणीच बोललं नाही. 🙁 माझी दोन, एक अडीच वर्षांचं एक सात महिन्यांचं. दिवसाला सात-आठ. हे ओलं का सुकं? ड्रममध्ये जात नाही, भंगारवाला घेणार नाही, ट्रॉलीवाले नाक मुरडतात. सासूबाई म्हणतात लंगोट वापर, मी म्हणते तुम्ही धुणार का, मग दोघी गप्प.

---

मुकादम_रिटायर
ते ना ओलं ना सुकं. जुन्या नियमात गुंडाळून सुक्यात टाकायचं लिहिलेलं, नव्यात त्याचा वेगळा भाग हाय. पेपरात गुंडाळायचं, वर लाल पेननं ठळक ठिपका मारायचा. पुण्यात कचरावेचक बायकांच्या स्वच्छ संस्थेनं ही लाल ठिपक्याची पद्धत लावली, कारण त्यांनाच ते हातानं वेगळं करायला लागायचं. ठिपका दिसला की कोण उघडत नाही. जुन्या नियमात असं पण होतं की डायपर-पॅडच्या कंपन्यांनी पाकिटाबरोबर गुंडाळायची पिशवी द्यायची. किती जणी देत्यात ते पाकीट उघडून तुम्हीच बघा.

शेवटी जातंय कुठं विचारशील तर जाळायच्या भट्टीत जायला पाहिजे, ती जिथं हाय तिथं. नाहीतर पुरलं जातंय. रात्री तरी लंगोट घाल पोरांना, दोन वाचत्यात. सासूला दुखवू नको. 🙂

---

हद्दीबाहेरची
अपडेट देते, बारा-तेरा दिवसांनी.

दुसऱ्याच दिवशी खाली उतरले. मामांना चहा विचारला, म्हणाले चहा नको ताई, पाणी द्या. पाणी पिता पिता मी ट्रॉलीच्या मागं बघितलं तर खरंच साखळीला खताचं पांढरं पोतं अडकवलेलं! आणि त्याला खाली शिवण उसवली म्हणून तारेनं टाके मारलेले. मी विचारलं मामा माझी काळी पिशवी यात का टाकत नाही हो, तर म्हणाले "ताई तुमची पिशवी मी यात टाकायचो सुरुवातीला, एकदा फोडली तर आत पोराच्या औषधाच्या बाटल्या आणि सुई निघाली, मग नाही टाकली." मला एकदम आठवलं, जानेवारीत धाकट्याला नेब्युलायझर आणि इंजेक्शन चालू होतं घरी. मीच टाकलेलं ते. सुक्यात. मला वाटलं प्लास्टिक आणि काच म्हणजे सुकं. जमिनीत शिरावं असं झालं. मी वर गच्चीवर रडत होते आणि चूक माझीच निघाली.

आता सुकं उघड्या पोत्यात देते, गाठ नाही. मामा माझ्यासमोरच हात घालून बाटल्या वेगळ्या, पुठ्ठा वेगळा करतात, वेफर्सची पाकिटं मात्र ट्रॉलीतच जातात, @पत्रा_पुठ्ठा दादा म्हणाले तसंच. शेजारच्या दोघी जणी बघून तसंच करायला लागल्या. औषधं, सुया, बॅटऱ्या, एक फुटकी ट्यूब हे सगळं आता श्रीखंडाच्या डब्यात साठवून कपाटावर ठेवलंय, त्याचं कुठं द्यायचं ते ग्रामपंचायतीत विचारलं, क्लार्क म्हणाला ठेवा सध्या घरीच. ठेवलाय.

ड्रम आणला. पाचट ह्यांच्या आत्तेभावाच्या शेतातनं आणलं, सासूबाईंनी स्वतः कोयता घेऊन तोडलं, आणि मला म्हणाल्या तुझ्या यूट्यूबला सांग म्हातारीकडनं शिकून घे. सध्या ड्रम त्यांचाच आहे, मला झाकण पण उघडू देत नाहीत.

डीपीचं जैसे थे. अर्ज दिलाय, पोच घेतलीय, ट्रॉलीची वेळ आणि मधली फळी एवढंच लिहिलंय. रविवारी पेटवणारा कोण ते पण कळलं. शेजारचे काका. त्यांनीच सांगितलं, अगदी अभिमानानं, "मी नाही पेटवलं तर डास किती होतील." आता त्यांना काय सांगू? आमच्या घराच्या वास्तूला पहिला नारळ त्यांनीच आणलेला.

---

तावडेहॉटेलपासून_सरळ
काकांना ड्रम भेट द्या वाढदिवसाला 😂

---

अंगणवेडी
चेष्टा नाही, खरंच द्या. डीपीखालच्या ढिगात बहुतेक ओलंच असणार, माश्या त्यावरच होतात, डास मात्र साठलेल्या पाण्यात. आणि सासूबाईंना पाठवा शिकवायला, कोयता घेऊन.

---

दोन_पोरांची_आई
श्रीखंडाच्या डब्याची आयडिया घेतली. लाल ठिपका पण चालू केलाय. पण आमचे ट्रॉलीवाले विचारतायत हा ठिपका कसला, देवाचं काही आहे का म्हणून. 😭